आधी दोन सऱ्यांवर

११ ऑगस्ट, सोमवार

ताकदीच्या पावडरीचा डबा आला. केवढा थोरला! काळाकुट्ट, वर सोनेरी वाघाचं तोंड. शेखरने द्वारका चौकातल्या दुकानातून आणला, सृष्टीसाठी. ओट्यावर असा ठेवला की नवीन टीव्हीच आणलाय घरात. "आता बघ पोरीचं. लय भारी वस्तू हाय. दुकानदाराचा पुतण्या ह्याच्यावर पोलीस भरतीत निघाला."

मी म्हटलं, पुतण्या धावून निघाला की डबा दाखवून?

नवरा रुसला. रुसू दे.

जुलैत सृष्टी तीन हजार मीटरला चौथी आली. तिसरीच्या दोन सेकंद मागे. पोरगी आठ दिवसांत विसरली, बाप विसरला नाही. जेवताना मध्येच म्हणतो, "दोन सेकंद!" नोव्हेंबरात पुण्याला राज्य स्पर्धा आहे. पहिल्या तिघींत आली तर पुढे देशपातळीवर. एकोणीस वर्षांची आहे, पुढच्या वर्षी ह्या वयोगटातून बाहेर. म्हणजे ही एकच संधी.

डबा मी कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. सृष्टीला सांगितलं, पंधरा दिवस थांब.

"का?"

"मी सांगते म्हणून."

का ते इथे लिहिते. फवारणीच्या वहीची मागची पानं कोरीच आहेत. नवीन औषध आलं की आपण सगळ्या शेवंतीवर मारतो का? नाही. आधी दोन सऱ्यांवर मारायचं. पंधरा दिवस बघायचं, पान करपतं का, कळी गळते का. मग सगळ्या प्लॉटवर. सासऱ्यांनी घालून दिलेला नियम, आजवर मोडला नाही. शेवंतीला एवढं जपायचं आणि पोरीच्या पोटात काहीही ओतायचं?

तर ह्या दोन सऱ्या म्हणजे मी. उज्वला. वय चव्वेचाळीस, वजन चौपन्न किलो, आजार काही नाही. कुणाला सांगणार नाही.

१२ ऑगस्ट

सकाळी सहा. शेखर मळ्यात, सृष्टी ग्राउंडवर. एक माप, ग्लासभर दुधात. चव चॉकलेटची, मागून जरा कडवट. दोन ढेकर आले. बाकी काही नाही.

१४ ऑगस्ट

डब्यामागची बारीक अक्षरं वाचली. शेखरचा चष्मा लावला आणि वर मोबाईलचा टॉर्च. एकवीस नावं! बारावी सायन्स झालेली बाई मी, केमिस्ट्रीत वर्गात दुसरी होते. तरी अर्धी नावं उच्चारता येईनात.

पण एक गंमत कळली. पहिलंच नाव शोधलं तर काय — पनीर करताना दूध फाटल्यावर जे हिरवट पाणी उरतं ना, तेच वाळवून केलेली पावडर! ते पाणी आपण कणकेत घालतो. सासूबाई म्हशीला पाजायच्या. आणि हे लोक त्याच्यावर वाघ छापतात! तासभर एकटीच हसत होते.

उरलेल्या वीस नावांचं काय, ते काही कळलं नाही.

१७ ऑगस्ट

ग्राउंडवर सृष्टीला डबा द्यायला गेले — जेवणाचा. तिला पळायला शिकवणारे धनराज सर भेटले. सहज विचारल्यासारखं विचारलं, सर, ती पावडर बिवडर द्यावी का हो पोरींना?

"अंडी द्या. शेंगदाणे, नाचणी, दूध, डाळ द्या. रात्री नऊला झोपवा. डब्यांच्या भानगडीत पडू नका, ताई. डब्यावर एक असतं, डब्यात एक."

"म्हणजे?"

"म्हणजे मलाही माहीत नाही. म्हणूनच सांगतो. स्पर्धेत लघवी तपासतात. त्या सॅम्पलमध्ये काही निघालं तर पोरगी म्हणेल मला माहीत नव्हतं. ते कुणी ऐकत नाही. पोटात गेलं ना? मग जबाबदारी तिची."

सृष्टी शेजारीच बूट बांधत होती. माझ्या मनात आलं, डब्यात काय आहे ते सरांना माहीत नाही, दुकानदाराला माहीत नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही. मग कुणीतरी बघायला नको?

२० ऑगस्ट

नववा दिवस. झोप छान. भूक वाढली. तीन भाकरी! शेखर बघत बसला.

२३ ऑगस्ट

काय सांगू! आज झेंडूची खुरपणी दुपारी एकलाच उरकली. बायका म्हणाल्या, ताई, जरा दमानं. पाठ दुखली नाही. गेली सहा वर्षं रोज संध्याकाळी पाठ धरून बसणारी मी, आज खुरपं हातात असूनही गात होते. घरी येऊन भाकऱ्या करताना गात होते. शेखर म्हणाला, "काय झालं गं तुला?" म्हटलं, काही नाही, गप्प जेव.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

पंधरा दिवस पूर्ण. पान करपलं नाही, कळी गळली नाही. उलट सऱ्या हिरव्यागार! आरतीला माझा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू गेला म्हणे.

उद्यापासून सृष्टीला. माझंही चालूच ठेवणार आहे. पूर्ण हंगाम बघायला नको का? खरं कारण ते नाही. मला आवडलंय हे अंग.

२८ ऑगस्ट

सृष्टीला पहिला ग्लास. "मागच्या पायरीवर बसून पिते, आई, वारा असतो." पिऊन ग्लास विसळून ठेवला. शहाणी पोर.

सरांना सांगायचं नाही असं बापाने बजावलंय. तिने मान हलवली.

६ सप्टेंबर

मागच्या पायरीजवळ कढीपत्त्याच्या बुडाशी मुंग्यांची ही रांग! लाल मुंग्या, ह्या दिवसांत? हळद टाकली. हटत नाहीत.

११ सप्टेंबर

सृष्टीच्या वेळेत चार सेकंद कमी. शेखरने पेढे आणले. चार सेकंदांना पेढे!

१९ सप्टेंबर

पाळी आली नाही. सोळा दिवस वर गेले.

देवा! ह्या वयात? आणि हल्ली नवरा-बायकोचं जरा — ते लिहीत नाही, पण लिहायला हवं, कारण ही नोंदवही आहे. तेही वाढलंय. त्याला वाटतंय तो तरुण झालाय.

पंचवटीत जाऊन, ओळखीचं मेडिकल टाळून, चाचणीचं पाकीट आणलं. दुकानातल्या पोरीने माझ्याकडे बघून विचारलं, "सुनेसाठी का, मावशी?" हो म्हटलं! नसलेल्या सुनेसाठी!

काही नाही निघालं. मग आता पाळी जायचीच वेळ आली असणार. थोडं वाईट वाटलं. थोडं बरंही.

२३ सप्टेंबर

नवरात्राचा दुसरा दिवस. काल देवीच्या आरतीला वरचा सूर लागलाच नाही. आज पुन्हा प्रयत्न केला. घोगरा, फाटका काहीतरी निघाला. बायका म्हणाल्या, उज्वलाताई, थंड प्यायलात का? हळदीचं दूध घेतलं, ज्येष्ठमध चघळलं.

गेली वीस वर्षं ह्या गल्लीत आरती मी उचलते. माझ्याकडे दुसरं काय आहे दाखवायला? दिसणं बेताचं, शिक्षण अर्धवट. पण आवाज आहे. माहेरी होता, सासरीही टिकवला.

२६ सप्टेंबर

हनुवटीवर तीन काळे केस. उपटले. गालावर पुटकुळ्या, सोळाव्या वर्षी आल्या नव्हत्या तेवढ्या. सृष्टीने तिचं मलम दिलं. देताना नुसती बघत राहिली माझ्याकडे. हल्ली फार बघते ही पोर.

"आई, तुला बरं वाटतंय ना?"

"उत्तम!" म्हटलं. आवाज असा निघाला की दोघीही दचकलो.

१ ऑक्टोबर

उद्या दसरा. फुलांची तोडणी पहाटेपासून. झेंडूचे क्रेट मी एकटीने गाडीत चढवले. माणसं बघत राहिली. आनंद व्हायला हवा होता. क्रेट उचलताना हाताकडे लक्ष गेलं — हा हात माझा नाही. दंड दगडासारखा, त्याच्यावर शीर. शेखरच्या हातावर असते तशी.

शेजारचे सहादूभाऊ तोरणाला फुलं न्यायला आले होते. त्यांच्या द्राक्षांचं गेल्या वर्षीचं रडगाणं पुन्हा सुरू झालं. बाटलीवर लिहिलं होतं नुसतं समुद्री शेवाळ. मारलं, चार दिवसांत वेल हिरवेगार, अळीसुद्धा गायब. खूश झाले. मग परदेशी पाठवायच्या आधी नमुना तपासला तर त्यात कीटकनाशक. कंपनीने गुपचूप मिसळलेलं, कागदावर कुठे नाव नाही. सगळा माल नाकारला. "शेवाळाने अळी मरत नसती ओ वहिनी," म्हणाले. "तवाच वळखाया पायजे व्हतं. फार लवकर गुण आला ना, तवाच."

मी फुलं मोजत होते. मोजायची विसरले.

२ ऑक्टोबर

हिरवेगार झालेले वेल. हिरव्यागार झालेल्या सऱ्या.

पनीरच्या पाण्याने दंडावर शीर येते का?

३ ऑक्टोबर

आज ग्लास घेतला नाही. सृष्टीलाही दिला नाही. "आज नाही?" म्हणाली. म्हटलं, दूध नासलं.

८ ऑक्टोबर

हर्षाली डॉक्टरांकडे गेले. पंचवटीत दवाखाना आहे त्यांचा, सृष्टी जन्मली तेव्हाही त्याच होत्या. सगळं सांगितलं, पावडरीचं सोडून. रक्त घेतलं त्यांनी.

सृष्टीला रोज काहीतरी कारण सांगते. कधी दूध उतू गेलं, कधी कुलपाची किल्ली सापडत नाही. ती फक्त "बरं" म्हणते.

आज ग्राउंडवर तिची वेळ: दहा मिनिटं एकोणचाळीस. जुलैपेक्षा नऊ सेकंद कमी. सर सोडून सगळे टाळ्या वाजवत होते. सर नुसते घड्याळाकडे बघत होते. मी टाळीसाठी उचललेले हात खाली घेतले.

११ ऑक्टोबर

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला आणि विचारलं, "उज्वला, काय खातेस ते खरं सांग."

सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "पुरुषी हार्मोनसारखं काहीतरी मिसळलेलं असावं. डबा तपासल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही. पण आवाज, केस, पाळी, लिव्हर, सगळी लक्षणं त्याचीच आहेत. लोकांना गुण दिसावा म्हणून मिसळतात. डब्यावर लिहीत नाहीत. पाळी येईल परत. लिव्हरही सुधारेल, बंद केलंस ते बरं केलंस."

"आणि आवाज?"

"आवाजाचं सांगता येत नाही."

खुर्चीत बसून होते पण ते शब्द कानावरून गेले. डोक्यात एकच. अठ्ठावीस ऑगस्टपासून, रोज सकाळी, ह्याच हातांनी, माप सपाट करून, ढवळून, "संपव गं सगळं" म्हणत!

दोन सऱ्यांवर मारून बघितलं म्हणे. पंधराच दिवस बघितलं. आणि हिरवं दिसलं की चांगलं, एवढंच बघितलं. करपणं उशिरा येतं हे मला कळायला नको होतं? वीस वर्षं शेती करते मी! गाढव आहे गाढव.

१३ ऑक्टोबर

शेखरला सांगितलं. आधी म्हणाला, "काहीतरीच." मग कागद वाचला. मग भिंतीकडे तोंड करून बसला. म्हटलं, रडायचं नंतर, चल द्वारकेला.

दुकानदार मोबाईल बघत होता. माझा आवाज ऐकून वर बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या मागे बघितलं — कोण बोललं म्हणून. "काकू, सगळे घेतात. आजवर एक तक्रार नाही."

"बिल?" मी शेखरला म्हटलं. तो खिसे चाचपायला लागला.

नव्हतं. घेतलंच नव्हतं! मिरचीच्या बियाण्याचं बिल प्लास्टिकच्या पिशवीत घालून दहा वर्षं जपतो हा माणूस. बॅच नंबर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवतो. झाडाच्या औषधाला बिल, आणि पोरीच्या औषधाला? "तो म्हणाला बिलाशिवाय स्वस्तात लावून देतो," म्हणे.

"बिल नाही, मग आमचा डबा कशावरून?" दुकानदार म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. वीस-बावीस वर्षांचं पोरगं होतं. मी त्याला दरवाज्यात धरलं आणि म्हटलं, बाळा, माझा आवाज ऐक. दोन महिन्यांपूर्वी मी आरती म्हणायचे. पोरगं घाबरून निघून गेलं. एक तरी वाचला असेल.

१६ ऑक्टोबर

धनराज सरांकडे एकटी गेले. डबा पिशवीत घेऊन. अर्ध्याहून जास्त रिकामा.

त्यांनी झाकण उघडलं नाही. डबा पिशवीसकट बाजूला ठेवला. मग म्हणाले, "नऊ सेकंद. मला वाटलंच होतं. नाही, वाटलं नव्हतं. वाटू नये असं वाटत होतं."

मी विचारलं, सर, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी माल तोडायचा ते बाटलीवर लिहिलेलं असतं. ह्याचं किती? किती दिवसांत अंगातून जाईल?

"कुणाला माहीत, ताई? आत काय आहे तेच माहीत नाही. काही आठवडे, काही महिने. पुण्यात सॅम्पल घेतात. निघालं तर चार वर्षं बंदी. चार वर्षांनी ती तेवीसची. मी तिला नेऊ शकत नाही. तिच्यासाठीच नाही नेऊ शकत. चोवीस तारखेला नावं पाठवायची आहेत. तोपर्यंत तुम्ही सांगा. मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

त्यांचा राग बरोबर आहे.

१८ ऑक्टोबर

नाही सांगितलं.

१९ ऑक्टोबर

चकल्या केल्या. सांगणारच होते. ती आली, गरम चकली तोंडात टाकून म्हणाली, "आई, पुण्याला जाताना ह्या दे बांधून." तेलाचा धूर डोळ्यांत गेला म्हणून सांगितलं.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

आरती सृष्टीने उचलली. तिचा आवाज चांगला आहे! मला माहीतच नव्हतं. मी इतकी वर्षं मोठ्याने म्हणायचे, तिचा ऐकू कसा येणार? मी टाळ्या वाजवत उभी होते. तोंड मिटून.

माझा आवाज गेला त्याचं दुःख आहे. आहेच. पण तो मी स्वतःच्या हाताने घालवला, माझा होता. तिचे पाय माझे नव्हते.

२३ ऑक्टोबर

उद्या नावं जाणार. उद्या सकाळी सांगते. सकाळी म्हणजे सकाळीच. ग्राउंडवर जायच्या आधी.

काय म्हणेल? ओरडली तर बरं. बोलायची बंद झाली तर मी काय करू? तिची एकच संधी होती, आणि ती तिच्या आईनेच ढवळून प्यायला दिली.

२४ ऑक्टोबर

सांगितलं. सगळं, न थांबता. पायरीवर बसून.

ती उठली, माझा हात धरला आणि कढीपत्त्यापाशी नेऊन उभं केलं. "रोजचा ग्लास इथे, आई. पहिल्या दिवसापासून. एक घोटही घेतला नाही." मुंग्या!

"तू पितेस ते मला आधीच माहीत होतं. ओठावर चॉकलेट असायचं. मग म्हटलं, आधी दोन सऱ्यांवर बघू. तूच शिकवलंस ना?"

राग आला. खूप आला. मग सांगितलं का नाहीस गं कार्टे!

"तू गात होतीस. खुरपताना, भाकऱ्या करताना. तुला इतकं खूश मी कधी बघितलंच नव्हतं. मग आवाज गेला, आणि मला सांगायची भीती वाटायला लागली." आणि रडायला लागली. मी पण.

सरांना फोन केला. नाव गेलं.

आता एकटीच बसलेय आणि तेच तेच मोजतेय. ते नऊ सेकंद डब्याचे नव्हते. पोरीचे स्वतःचे होते.